पावसाळी आणि बर्फातल्या मुक्कामासाठी टिकाऊ सोलर दिवा कसा निवडावा

सोलर दिवा घेताना बहुतेक जण आधी पॅनेल बघतात, मग खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा आकडा आणि शेवटी किंमत. गडावर भर पावसात किंवा हिमालयात बर्फावर तंबू ठोकायचा असेल, तर हा क्रम बदला. अशा ठिकाणी दिवा पॅनेलमुळे क्वचित बंद पडतो. बहुतेक वेळा बॅटरी दगा देते, नाहीतर आत पाणी शिरलेलं असतं. म्हणून आधी बॅटरी तपासायची, मग झाकण आणि रबर, मग पॅनेल. उजेड किती पडतो हे त्यानंतर.

आधी विजेचा हिशेब

दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन घेऊन बसा. चार जणांचा तंबू आणि दोन रात्रींचा मुक्काम धरू. स्वयंपाक आणि जेवणाला दीड तास, १५० ल्युमेन. तंबूत आवराआवर आणि गप्पांना तीन तास, ४० ल्युमेन. रात्रभर मंद दिवा सात तास, ५ ल्युमेन. चांगली एलईडी एका वॉटला शंभराच्या वर ल्युमेन देते, पण सर्किटमध्ये आणि दुधी आवरणात काही उजेड वाया जातो. हिशेबाला ८० ल्युमेन धरा.

जेवणाच्या वेळी साधारण १.९ वॉट गुणिले दीड तास, म्हणजे २.८ वॉट-तास. तंबूत अर्धा वॉट गुणिले तीन तास, म्हणजे १.५ वॉट-तास. मंद दिव्याला सर्किटचा स्वतःचा खर्च धरून ०.१ वॉट लागतो, सात तासांचे ०.७ वॉट-तास. एका रात्रीचे झाले ५ वॉट-तास, दोन रात्रींचे १०. थंडी आणि बॅटरीचं वय यांसाठी वर तीस टक्के ठेवले की १३ वॉट-तास होतात.

खोक्यावर वॉट-तास क्वचितच लिहिलेले असतात, एमएएच (मिलिअँपिअर-तास) असतात. गणित सोपं आहे: एमएएचला हजाराने भागायचं आणि व्होल्टेजने गुणायचं. लिथियम-आयन सेलचा व्होल्टेज सरासरी ३.७ असतो, त्यामुळे २,००० एमएएच म्हणजे २ गुणिले ३.७, म्हणजे ७.४ वॉट-तास. वरच्या गरजेला ३,५०० एमएएचचा एक दिवा पुरेल किंवा २,००० चे दोन. दोन लहान दिवेच घ्या. एक चुलीपाशी, एक तंबूत असं वापरता येतं आणि एकात पाणी शिरलं तरी रात्र अंधारात जात नाही.

आता पॅनेल किती परत देतं ते पाहू. भर उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊर्जा पडते. लहान पॅनेल त्यातला पंधरा ते वीस टक्के भाग विजेत बदलतं. कंदिलाच्या डोक्यावरचं १० बाय ८ सेंटिमीटरचं पॅनेल ऐन दुपारी फार तर दीड वॉट देतं. तेवढ्याच पॅनेलवर ‘५ वॉट’ छापलं असेल तर तो दिवा खाली ठेवा. ज्यानं पॅनेलचा आकडा फुगवला, त्यानं बॅटरीचाही फुगवलेला असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निरभ्र आकाशाखाली हे पॅनेल दिवसभर एका जागी ठेवलं, तर तोटा वजा जाता साडेचार-पाच वॉट-तास मिळतात. एका रात्रीचा खर्च भागतो. जुलैत हरिश्चंद्रगडावर दाट ढगात हाच आकडा एक वॉट-तासाच्या आसपास येतो, आणि धुकं दिवसभर हललं नाही तर त्याहून कमी. म्हणजे सह्याद्रीच्या पावसाळ्यात पॅनेल फक्त भर घालतं. खरी वीज घरूनच भरून न्यायची. त्यासाठी दिव्याला यूएसबी चार्जिंग हवंच, शक्यतो यूएसबी-सी. फक्त उन्हावर चार्ज होणारा दिवा जून ते सप्टेंबर आपल्याकडे निरुपयोगी आहे, मग तो कितीही मजबूत असो.

बॅटरी

या दिव्यांत बहुधा १८६५० नावाचा दंडगोल सेल असतो: १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी, वजन ४५ ते ५० ग्रॅम. या आकाराचे उत्तम सेल ३,५०० एमएएचपर्यंत जातात. त्याच आकारावर ‘६,८००’ किंवा ‘९,९००’ लिहिलेले सेल बाजारात सर्रास दिसतात. ते आकडे खोटे असतात आणि आत बरेचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल निघतात. वजनावरूनही पकडता येतं. खरे १०,००० एमएएच हवे असतील तर निव्वळ सेलचंच वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास होतं. तेवढी क्षमता सांगणारा पूर्ण दिवा १६० ग्रॅमचा असेल, तर पॅनेल, काच आणि दिव्याचा खोका हवेचे नाहीत हे लक्षात घ्या.

साधी लिथियम-आयन बॅटरी वजनाच्या मानाने जास्त वीज साठवते, पण तीनशे-पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता उतरते. लिथियम आयर्न फॉस्फेट दोन हजारांवर चक्रं सहज काढते आणि उन्हातल्या तापाला जास्त दाद देत नाही. मात्र तेवढ्याच आकारात जवळजवळ निम्मीच वीज मावते आणि कडाक्याच्या थंडीत ती जास्त सुस्तावते. कोकण, विदर्भ, मराठवाडा, एप्रिल-मेमधले किल्ले अशा उन्हाच्या ठिकाणी वापर असेल तर फॉस्फेट घ्या. हिमालयासाठी आणि पाठीवर वजन वाहायचं असेल तेव्हा लिथियम-आयन. बागेत रोवायच्या स्वस्त दिव्यांत निकेलचे १.२ व्होल्टचे सेल असतात, त्यांच्या भरवशावर गडावर जाऊ नका.

सेल बदलता येतो का हे विचारायला विसरू नका. तळाला चार स्क्रू, आत रबरी रिंग आणि होल्डरमध्ये सुटा १८६५० असेल तर तो दिवा दहा वर्षं चालवता येतो. चिकटवून बंद केलेल्या दिव्याचं आयुष्य त्याच्या सेलइतकंच. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पात गावातल्याच लोकांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं गेलं, त्याच्या मुळाशी हाच विचार होता.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर किंवा खोक्यावर ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकून बघा. क्रमांक कोणाच्या नावावर निघतो, तेही वाचा. सोलर दिव्यांच्या स्वतंत्र चाचण्यांची यादी हवी असेल तर ‘व्हेरासोल’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर आहे. त्यात दिवा प्रत्यक्षात किती तास चालला, बॅटरी किती निघाली, असे मोजून काढलेले आकडे मिळतात. कॅम्पिंगचे सगळे दिवे त्यात नसतात, पण घरगुती सोलर कंदिलांतले बरेच असतात, आणि गाडी जाते तिथल्या मुक्कामाला ते उत्तम चालतात.

पाणी कुठून शिरतं

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही अर्थ नाही. आयपी क्रमांक बघायचा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती चाचणीच केलेली नाही. पाण्याचा ४ म्हणजे चहूबाजूंचे शिंतोडे. ५ म्हणजे मिनिटाला साडेबारा लिटरचा फवारा, ६ म्हणजे मिनिटाला शंभर लिटरचा जोरदार मारा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: ७ मिळालेला दिवा ५-६ ची परीक्षा उत्तीर्ण असतोच असं नाही. स्थिर पाणी सहन करणारं झाकण वाऱ्याने तिरका मारणारा पाऊस सहन करेलच असं नाही, दोन्हींत रबरावर येणारा दाब वेगळा असतो. सह्याद्रीसाठी किमान आयपी ६५ घ्या. दोन्ही क्रमांक लिहिलेला, म्हणजे ‘आयपी ६५/६७’ असा दिवा मिळाला तर फारच चांगलं. आयपीएक्स ४ चा दिवा तंबूच्या आत ठेवण्यापुरता ठीक.

हे क्रमांक नव्या दिव्याला, गोड्या पाण्यात, यूएसबीचं झाकण घट्ट बसवून दिलेले असतात. व्यवहारात पाणी तीन ठिकाणांहून शिरतं. पहिलं म्हणजे यूएसबीचं रबरी झाकण. ते नखाने ओढून ओढून मुळापाशी फाटतं किंवा चिखलाचा एक कण कडेला अडकून उघडं राहतं. झाकण नुसतं दाबून बसणारं नसावं; त्याच्या आतल्या बाजूला उंच कड असावी आणि ती भोकात दोन-तीन मिलिमीटर तरी उतरावी. दुसरी जागा बटणाची. वरून रबराचा अखंड पडदा असलेलं बटण चांगलं, सरकणारं बटण वाईट. तिसरी जागा पॅनेल आणि खोका यांच्यातल्या चिकट सांध्याची. पॅनेल उन्हात प्रसरण पावतं, रात्री आकसतं, आणि दोन-तीन हंगामांत गोंद सुटतो. या सांध्यावर बोटाचं नख फिरवून बघा. कुठे अडखळलं किंवा फट जाणवली तर दुसरा नग मागा.

पाणी शिरण्याचं आणखी एक कारण जून आणि ऑक्टोबरमध्ये हमखास घडतं. दिवसभर उन्हात दिवा तापतो, आतली हवा गरम होते. अचानक सर येते, खोका झटकन गार होतो, आतली हवा आकसते आणि सांध्यावर साचलेलं पाणी आत ओढलं जातं. चांगल्या दिव्यांत यासाठी एक बारीक श्वासछिद्र असतं, त्यावर हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पातळ जाळी बसवलेली असते. ते बोटभर टेपने बंद करू नका. तसं छिद्र नसलेला दिवा आभाळ भरून येताच उन्हातून काढून सावलीत निवू द्या.

समुद्रकाठी, म्हणजे दिवेआगर, काशीद, तारकर्ली अशा ठिकाणी, आयपी क्रमांकाचा फारसा उपयोग नाही. तिथे खारी हवा धातू खाते. स्क्रू आणि कडी स्टेनलेसची आहे का हे चुंबक लावून बघा. चांगल्या स्टेनलेसला चुंबक जवळपास चिकटत नाही. मुक्काम संपला की झाकण बंद ठेवून दिवा गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. ओल्या यूएसबीत केबल खुपसणं सगळ्यात वाईट. ओलाव्यात वीज वाहिली की तांब्याच्या टोकांवर काही तासांत हिरवा थर धरतो आणि चार्जिंग कायमचं जातं.

पॅनेल आणि खोका

पॅनेल मोनोक्रिस्टलाइन असावं. सेलपेक्षाही त्याच्यावरचं आवरण बघा. काचेचं आवरण सर्वांत टिकाऊ पण जड आणि फुटणारं. ईटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचं आवरण खरखरीत, किंचित खडबडीत लागतं आणि उन्हात वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही. गुळगुळीत चकचकीत राळेचं आवरण स्वस्त दिव्यांवर असतं; ते एक-दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं, त्याला बारीक भेगा जातात आणि वीज घटत जाते. दुकानात एखादा बराच काळ मांडून ठेवलेला नग असेल तर त्याचं पॅनेल नव्याशेजारी धरून रंग ताडून बघा.

पॅनेलमधल्या पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एका पट्टीवर सावली पडली तरी सगळ्यांचा प्रवाह अडतो. वर हँडलची किंवा दोरीची सावली पडत असेल तर ती काही टक्क्यांची बाब नाही, अर्धी वीज जाऊ शकते. हँडल बाजूला पडणारं किंवा काढता येणारं हवं. चालताना सॅकवर दिवा लटकवायचा प्रघात आहे, त्यातून फार काही मिळत नाही: झाडांची सावली, सतत बदलणारी दिशा, आणि पावसात वरून सॅकचं कव्हर. लटकवायचा तर लटकवा, पण ती वीज हिशेबात धरू नका.

पॅनेल सूर्याकडे किती तिरपं करायचं हे हंगामावर ठरतं. मे ते जुलै महाराष्ट्रात सूर्य दुपारी डोक्यावर असतो, आडवं ठेवलं तरी चालतं. डिसेंबरात पुण्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांवर असतो आणि उत्तराखंडात केदारकंठ्याला जेमतेम ३५ अंशांवर. तिथे पॅनेल आडवं ठेवलं तर सरळ उन्हातली चाळीस टक्के वीज वाया जाते. म्हणून दक्षिणेकडे तोंड करून, ५५ अंशांत उभं करायचं. पाठीमागे दगड किंवा ट्रेकिंग पोल लावला की भागतं. खालून बर्फाचं परावर्तित ऊन मिळतं ते वेगळं.

खोक्याचं प्लॅस्टिक पॉलिकार्बोनेट किंवा एएसए असावं. साधं एबीएस उन्हात पिवळं आणि ठिसूळ होतं, मग एक मीटरवरून दगडावर पडलं की कोपरा उडतो. फुगवायचे कंदील हलके असतात, त्यांचा उजेड डोळ्यांना सुखावतो आणि पडले तरी फुटत नाहीत. पण त्यांचा सांधा काट्याने किंवा घड्या घालून घालून उसवतो, आणि कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिक ताठ होतं. पावसाळी गडासाठी दुसरा दिवा म्हणून ते छान, एकमेव दिवा म्हणून नको.

उजेड

तंबूत ४० ल्युमेन पुरतात, स्वयंपाकाला १५० च्या वर गरज नाही. हजार ल्युमेनची जाहिरात करणाऱ्या दिव्याचं गणित मांडा: १,००० भागिले ८० म्हणजे साडेबारा वॉट. ७.४ वॉट-तासांची बॅटरी त्यावर पस्तीस मिनिटंच टिकेल. मंद करण्याच्या तीन-चार पायऱ्या आणि अगदी खालची पायरी ५ ल्युमेनच्या आसपास, एवढं असेल तर तो दिवा कामाचा.

रंग पिवळसर घ्या, ३,००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास. पांढऱ्याशुभ्र ६,५०० च्या दिव्यावर पाऊस थांबल्या थांबल्या पाखरं तुटून पडतात, पिवळसरवर कमी येतात. धुक्यात दिवा डोळ्यांच्या उंचीवर धरला की उजेड धुक्यावरून परत डोळ्यांतच येतो आणि समोर पांढरी भिंत दिसते. तो गुडघ्याच्या खाली, पायांजवळ धरा. दिवा मंद करून त्याकडे मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर काळे पट्टे धावताना दिसले तर उजेड थरथरतो आहे, वाचताना डोळे दुखतील.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची परिसरात काजवे बघायला जाणार असाल तर लाल मंद उजेडाची पायरी असलेला दिवा न्या, आणि काजव्यांच्या झाडांजवळ तोही बंद ठेवा. काजवे लुकलुकून जोडीदार शोधतात. बाहेरचा प्रकाश पडला की ते संकेत विस्कटतात. हे पाळणं आपल्या हातात आहे आणि ते पाळायलाच हवं.

शून्याखाली

केदारकंठा (सुमारे ३,८०० मीटर) डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातून खूप जण करतात. तिथे दिव्याला उजेडापेक्षा चार्जिंगचा धोका जास्त आहे. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर लिथियम ऋण टोकाच्या आत न शिरता त्यावर धातूचा थर बनून बसतो. क्षमता कायमची जाते, आणि थर वाढला तर आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. सकाळी बर्फावर दिवा मांडला की नेमकं हेच होतं: ऊन लख्ख, पॅनेल जोरात वीज देतंय आणि बॅटरी उणे पाच अंशांवर.

यावर उपाय दोन. पॅनेल वायरने सुटं होणारा दिवा घ्या; पॅनेल बाहेर बर्फावर, दिवा तंबूत कपड्यांत गुंडाळून. किंवा एकसंध दिवा असेल तर सकाळी तासभर जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून, हाताला कोमट लागल्यावर, दुपारच्या उन्हात गडद रंगाच्या सॅकवर ठेवून चार्ज करा. काही चांगल्या दिव्यांत थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारा तापमान-सेन्सर असतो. माहितीपत्रकात ‘चार्जिंग तापमान ० ते ४५ अंश’ लिहिलेलं असतं, पण सेन्सर आहे की नुसती सूचना आहे हे विक्रेत्याला विचारून घ्या.

वापरायला मात्र थंडी चालते, क्षमता घटते एवढंच. उणे दहा अंशांत साधारण पाव हिस्सा हाती लागत नाही. दिवा उबेत आला की ती वीज परत मिळते, त्यामुळे रात्री तो झोपण्याच्या पिशवीत पायांशी ठेवा. जोडीला हेडटॉर्च हवीच. ती एए सेलवर चालणारी असेल आणि तिच्या पत्रकात परवानगी असेल तर एकदाच वापरायचे लिथियम एए सेल न्या; ते उणे ४० अंशांपर्यंत काम देतात, साधे अल्कलाइन सेल त्याच्या कितीतरी आधी मान टाकतात.

लेह किंवा देहरादूनला विमानाने जाताना पॉवरबँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनच्या सामानात त्यांना परवानगी नाही. सुट्या सेलच्या टोकांना टेप लावा. दिवाही हातातच घ्या.

विकत घेतल्यावर, परतीची मुदत संपण्याआधी

१. दिवा पूर्ण संपवा आणि यूएसबी मीटर (केबलमधून किती वीज गेली ते मोजणारं छोटं यंत्र) लावून पूर्ण चार्ज करा. हा मीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. स्वस्त दिव्यांतलं चार्जिंग सर्किट साध्या प्रकारचं असतं, त्यात मीटरवरचे एमएएच म्हणजे जवळपास सेलचेच एमएएच. खोक्यावरच्या आकड्याच्या ८५ टक्क्यांच्या खाली आले तर परत करा.

२. मधल्या पायरीवर लावून घड्याळ लावा. पहिल्या अर्ध्या तासातला उजेड आणि शेवटचा, दोन्ही भिंतीवर बघा. काही दिवे तासाभरात निम्मे मंद होतात आणि मग ‘वीस तास’ चालतात.

३. पाण्याची चाचणी करण्याआधी कोरडा दिवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस मिनिटं ठेवा आणि काचेच्या आत किती वाफ धरते ते बघून ठेवा. मग झाकण बंद करून नळाखाली किंवा शॉवरखाली तीन मिनिटं सगळ्या बाजूंनी फिरवा. आयपीएक्स ७ असेल तर बादलीत अर्धा तास बुडवा. बाहेरून पुसून पुन्हा फ्रिजमध्ये वीस मिनिटं. आता आधीपेक्षा जास्त वाफ दिसली किंवा थेंब दिसले तर रबर गळतंय. आत डोकावून न कळणारा ओलावा असा दिसतो.

४. दिवा पुन्हा पूर्ण संपवून सकाळी दहा ते चार पॅनेल उन्हात ठेवा, संध्याकाळी यूएसबीने उरलेलं चार्ज करून मीटरवर बघा पहिल्या चाचणीपेक्षा किती कमी लागलं. तेवढी वीज उन्हाने दिली. चार्जिंगचा लाल ठिपका लागला यावर जाऊ नका, तो ढगातही लागतो.

गडावर वापरताना

तंबूच्या कडीला नुसत्या हूकने टांगलेला दिवा कोकणकड्यावरच्या वाऱ्यात रात्रभर आपटत राहतो आणि हँडलचा सांधा सुटतो. छोटं कॅराबिनर आणि २ मिमीची दोरी वापरा, खालून दुसऱ्या दोरीने ताणा. दिवा गॅस शेगडीपासून लांब ठेवा. दुधी आवरण काळवंडतं, जवळ गेलं तर वितळतं.

सॅकमध्ये भरताना बटण दाबलं जाऊन दिवा आत जळत राहणं ही फार नेहमीची तक्रार आहे. बटण लॉक करण्याची सोय असेल तर वापरा, नसेल तर बटणाच्या बाजूने कपडा लावून डब्यात ठेवा. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा सॅकसाठी घेऊच नका, सॅकमध्ये कायम अंधार असतो.

आत पाणी शिरलंच तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. स्क्रूचा असेल तर उघडून सेल काढा, फडक्याने टिपून सावलीत वाऱ्यावर दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायरच्या गरम हवेने रबर वाकडं होतं. तांदळात पुरल्याने काही होत नाही, उलट पिठूळ भुगा आत जातो. सेल फुगलेला किंवा गोडसर वास येत असेल तर तो पुन्हा वापरायचा नाही.

हंगाम संपल्यावर

पूर्ण संपलेला दिवा माळ्यावर टाकणं हेच बहुतेक दिव्यांच्या मरणाचं कारण आहे. सर्किट बंद असतानाही थोडी वीज पीत असतं, सेल अडीच व्होल्टच्या खाली जातो, संरक्षक सर्किट त्याला कुलूप लावतं आणि पुढच्या जूनमध्ये दिवा उन्हालाही जागत नाही, केबललाही नाही. पूर्ण भरून ठेवणंही बरं नाही, भरलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो. अर्ध्याच्या आसपास चार्ज करून, गार कोरड्या कपाटात, पॅनेल झाकून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा अर्ध्यावर आणा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात कधीही ठेवू नका. मे महिन्यात तिथलं तापमान साठ-सत्तर अंशांवर जातं आणि सेल ४५ च्या वर चार्ज होऊ नये.

रबरी रिंग वर्षातून एकदा काढून ओल्या फडक्याने पुसा, केस किंवा वाळूचा कण दिसला तर काढा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, काही रबरं त्याने फुगतात आणि खाचेत बसेनाशी होतात. रिंगवर चपटी बाजू आली असेल तर ती मेली, त्याच मापाची नवी घ्या. जुना सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. टोकांना टेप लावून ई-कचरा संकलनात द्या. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला सेल पेट घेतो.